गोळ्या कमी करायच्यात, ही तक्रार होत नाही का?

आईचं वय ८१. गेल्या काही महिन्यांत उठली की चक्कर, दिवसभर गुंगी, बोलता बोलता विसरणं असं सुरू झालं. वयामुळे होतं, असं सगळ्यांचं मत. मला ते पटत नव्हतं. वय काही एका पावसाळ्यात वाढत नाही, गोळ्या मात्र वाढल्या होत्या.

रक्त, लघवी, ईसीजी वगैरे तपासण्या बिनबोभाट झाल्या. अडलं ते ओपीडीच्या काउंटरवर. फॉर्मवर 'तक्रार' असा रकाना होता. मी लिहिलं, "गोळ्या कमी करायच्या आहेत." तिथल्या मुलाने फॉर्म परत सरकवला. "ताई, पेशंटला त्रास काय ते लिहा." म्हटलं, गोळ्यांचाच त्रास होतोय. "मग ज्यांनी दिल्यात त्यांच्याकडे जा."

आता दिल्या कुणी? बीपीसाठी एकांनी अ‍ॅम्लोडिपिन दिली. या गोळीने पायांवर सूज येऊ शकते, तशी ती आली. ती पाहून दुसऱ्यांनी लघवीची गोळी लावली. मग रात्री सारखं उठावं लागायला लागलं, झोपेचं खोबरं झालं, म्हणून तिसऱ्यांनी झोपेची गोळी लिहिली. नाक गळतं म्हणून आणखी कुणी सर्दीची दिली. त्या जुन्या धाटणीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गुंगी येते, गोंधळायला होतं, कधी लघवीही अडते. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच केलं असेल, पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून कुणी बघितल्या नव्हत्या.

शेवटी 'चक्कर' असं लिहून आत शिरले. बसवूनच बीपी घेतलं. "छान आहे, चालू ठेवा." उभं करून बघता का, म्हणून विचारलं, तर "पुढच्या वेळी बघू." झोपेच्या गोळीचं काय? "ती माझी नाही, मी कशी बंद करणार?" हे वाक्य मी नंतर प्रत्येक केबिनमध्ये ऐकलं. त्याच नम्र आवाजात. बाहेर बाकावर तासन् तास बसून आईची पाठ धरायची, आणि आत दोन मिनिटांत दुसऱ्या दाराकडे बोट. गोळी सुरू करताना कुणी कुणाला विचारलं नव्हतं. बंद करायची म्हटल्यावरच सगळ्यांना एकमेकांचा मान आठवला. आजही लिहिताना डोकं तापतंय.

सुटका झाली ती वृद्धरोगतज्ज्ञांकडे. त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं की चिठ्ठ्या नकोत, घरातली प्रत्येक गोळी पिशवीत घालून आणा. डोळ्यांचे थेंब, मलमं, काढे, न विचारता घेतलेल्या पेनकिलर, सगळं. टेबलावर पिशवी उपडी केली तर पित्ताची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी निघाली. आई दोन्ही इमानेइतबारे घेत होती! मग आईला पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, उभी केल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ती चक्कर वयाच्या खात्यावर टाकून चालत नाही. आईचा त्याहून जास्त उतरला.

बीपीची गोळी बदलली, सूज गेली, मग लघवीची बंद झाली. सर्दीची त्याच दिवशी गेली. झोपेची मात्र काही आठवडे थोडी थोडी कमी करत नेली. ती एकदम तोडू नका, त्रास होतो. बीपीच्या आणि हृदयाच्या गोळ्याही घरच्या घरी बंद करायच्या नाहीत, माझ्यासारखी चीड आली तरी.

एक राहिलंच. किडनीच्या रक्ततपासणीत नुसतं 'क्रिएटिनिन नॉर्मल' ऐकून गप्प बसू नका. वयाबरोबर स्नायू कमी होतात, त्यामुळे किडनी मंदावली तरी तो आकडा बरा दिसू शकतो. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, तो विचारा, कारण बऱ्याच गोळ्यांचा डोस त्यावरून ठरतो.

आई आता दुपारी जागी असते आणि मी टीव्हीचा आवाज का वाढवला म्हणून भांडते. तिच्या गोळ्यांची एकच यादी ठेवली आहे. गोळीचं मूळ नाव, कशासाठी, कधीपर्यंत, कुणी दिली. 'कधीपर्यंत' हा रकाना भरून देताना डॉक्टर जरा कुरकुरतात. मी खुर्चीवरून उठत नाही.