छोट्या गाडीची व्हील कव्हरं बदलताना: माझा अनुभव

लोखंडी रिम असलेल्या छोट्या गाडीची चारही व्हील कव्हरं नुकतीच बदलली. कव्हर वाटेत पडलं की लोक प्लॅस्टिकला नावं ठेवतात, पण दोष बहुतेक वेळा तिथे नसतो. तो रिमच्या आतल्या कडेवरच्या गंजात असतो, कव्हरच्या मागच्या तारेच्या रिंगमध्ये असतो, नाहीतर व्हॉल्व्हपाशी. या तीन जागा न बघता नवा सेट ठोकून बसवला, तर एखाद्या मोठ्या खड्ड्यात तोही जातो. म्हणून या कामातला माझा बहुतेक वेळ रिमवर गेला. कव्हर बसवायला प्रत्येकी दोन-तीन मिनिटं पुरली.

आधी माप. टायरच्या बाजूवर १६५/८० आर १४ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला शेवटचा आकडा म्हणजे रिमचा इंचातला व्यास, आणि कव्हर त्याच आकड्याचं मागायचं. जुन्या कव्हरवर टेप धरून माप काढू नये. १४ इंच म्हणजे सुमारे ३५६ मिलिमीटर, आणि हे माप टायर रिमवर जिथे बसतो तिथलं असतं. रिमची बाहेरची कड त्याच्याही वर उठलेली असते आणि कव्हर जवळजवळ तिथपर्यंत पोचतं. त्यामुळे १४ इंची कव्हर टेपवर १५ इंचांच्या पुढे भरतं आणि लोक चुकून एक नंबर मोठं घेऊन येतात.

दुसरं माप खोलीचं, आणि ते सहसा कोणी घेत नाही. काही रिमचा मधला भाग, नट आणि हब असतात तो, बाहेर आलेला असतो. रिमच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवून बघावी. मधला भाग पट्टीला टेकत असेल किंवा अगदी जवळ असेल तर सपाट कव्हर चालणार नाही. ते मध्यभागी टेकून राहतं, कव्हरच्या मागे असलेल्या, रिमला अडकणाऱ्या क्लिपा कडेपर्यंत पोचत नाहीत, आणि कितीही दाबलं तरी एक बाजू उचललेलीच राहते. अशा रिमला मध्ये फुगीर असलेलंच कव्हर लागतं.

जुनं कव्हर कशावर धरलंय तेही आधी बघून घ्यावं. बहुतेक गाड्यांत ते क्लिपांवर असतं. काही गाड्यांत मात्र चाकाचे नटच कव्हर धरून ठेवतात. तिथे नट आणि कव्हर एकमेकांसाठी बनवलेले असतात आणि नट शेवटी धातूवरच बसतो. भलतंच कव्हर नटाखाली दाबायचं नाही. प्लॅस्टिक हळूहळू दबत जातं आणि नट सैल पडतो. अलॉय व्हीलला क्लिप अडकेल अशी कडच नसते, तिथे हा विषय येत नाही.

निवडताना मी डिझाइनच्या आधी मागची बाजू बघतो. क्लिपेच्या मुळाशी आधाराच्या पट्ट्या आहेत का, क्लिप बोटाने आत दाबली की परत जागेवर येते का, रिंग सगळ्या क्लिपांत नीट बसली आहे का. मागे बाणासारख्या खुणांमध्ये प्लॅस्टिकचं नावही असतं. एबीएस कडक असतं, त्यावर रंग छान धरतो, पण जोराचा दणका बसला तर ते तडकतं. पीपी लवचिक असतं, दणका बसला तर वाकून परत येतं, पण रंग आणि गोंद दोन्ही त्यावर टिकत नाहीत. खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला मी पीपीच घेईन.

जुनं कव्हर काढायला जॅक लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, बस. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करावी. व्हॉल्व्हजवळ जोर लावला तर रिंग त्याच्या रबरावर दाबली जाते. रुंद प्लॅस्टिकची पट्टी किंवा टोकाला टेप गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर कव्हर आणि रिम यांच्यामध्ये घालायचा. रिम आणि टायरच्या मध्ये कधीच नाही, तिथे टायरची हवा धरणारी कड असते. फट पडली की दोन्ही हातांनी समोरासमोर धरून सरळ बाहेर ओढायचं. कडाक्याची थंडी असेल तर आधी कोमट पाणी ओतावं, नाहीतर क्लिपा मुळातून तुटतात. एवढं करूनही हलत नसेल तर ते नटांवरचं कव्हर असण्याची शक्यता आहे. तिथे जोर न करता नट बघावेत.

आता रिम. कव्हर निघालं की बाहेरच्या कडेच्या किंचित आत एक उभी भिंत आणि तिच्यावर बारीकसा उंचवटा दिसतो. क्लिपेचं टोक या उंचवट्यामागे अडकतं. सगळी पकड या जेमतेम काही मिलिमीटरच्या पट्ट्यावर असते, आणि नेमकं तिथेच क्लिपा घासून रंग उडतो, पाणी साचतं आणि गंजाचे पापुद्रे सुटतात. बोट फिरवलं तर तपकिरी भुकटी हाताला लागते. या भुकटीवर नवी क्लिप टेकवली तर ती लोखंडाला धरतच नाही, सुटणाऱ्या पापुद्र्याला धरते. मी आधी तारेच्या ब्रशने घासतो, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ओल्या फडक्याने पुसून कोरडं करतो. त्यावर गंज थांबवणारं द्रावण आणि ते वाळल्यावर धातूच्या प्रायमरचा एकच पातळ हात. जाड रंग दिला तर क्लिप त्याच्यावरून घसरते आणि रंग सोलून निघतो. नटांच्या खाचांत आणि रिम हबवर टेकते त्या मागच्या पृष्ठभागावर रंग जाता कामा नये. रात्रभर वाळू द्यावं.

बॅलन्सिंगची वजनं, म्हणजे चाक थरथरू नये म्हणून रिमला लावलेले धातूचे छोटे तुकडे, याच वेळी बघून घ्यावीत. वजन बाहेरच्या कडेला ठोकलेलं असेल तर कव्हर त्याच्यावर टेकतं आणि तेवढ्या भागात उचललेलं राहतं. वजन काढून टाकायचं नाही. पुढच्या बॅलन्सिंगला रिमच्या आतल्या बाजूला चिकटवायची वजनं लावायला सांगायचं. नट उघडे आहेत तर त्यांनाही टॉर्क पान्हा (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा पान्हा) लावावा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणि समोरासमोरच्या क्रमाने. कव्हर बसलं की सैल नट दिसत नाही.

तारेची रिंग हा कव्हरचा खरा जीव. ती क्लिपांच्या आतून फिरते आणि त्यांना बाहेर, रिमच्या भिंतीवर, दाबून ठेवते. रिंगला एका जागी वळण दिलेलं असतं. ते व्हॉल्व्हच्या भोकाच्या अगदी मागे यायला हवं, कारण व्हॉल्व्ह त्या वळणातून बाहेर येतो. खोक्यातून काढलेल्या नव्या कव्हरमध्येही रिंग सरकलेली असते, म्हणून बसवण्याआधी ती फिरवून जागेवर आणायची. तसंच बसवलं तर तार व्हॉल्व्हच्या रबरावर टेकते, प्रत्येक फेरीला थोडं थोडं घासते, आणि काही महिन्यांनी हवा हळूहळू उतरायला लागते. पंक्चर सापडत नाही, कारण टायरला भोक नसतंच.

काही कव्हरांच्या क्लिपांना रिंगसाठी दोन खोबणी असतात. बाहेरच्या खोबणीत रिंग घातली की पकड घट्ट होते. एकच खोबण असेल आणि कव्हर सैल वाटत असेल तर रिंग काढून हाताने किंचित फाकवावी, घेर काही मिलिमीटर वाढेल एवढीच. जास्त फाकवली तर कव्हर आत जायला हातोडा लागेल, आणि हातोड्याने पहिली तुटते ती क्लिप.

बसवताना क्लिपांच्या टोकांना सिलिकॉन स्प्रे किंवा साबणाचं पाणी लावावं. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. त्यावर धूळ चिकटते आणि काही प्लॅस्टिकवर वाईट परिणाम होतो. व्हॉल्व्ह भोकातून बाहेर काढून त्याच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा आधी बसवायच्या आणि तिथे गुडघ्याने रेटून धरायचं. मग दोन्ही तळहातांनी डावीकडून-उजवीकडून, प्रत्येक क्लिपेच्या नेमक्या डोक्यावर दाबत वर जायचं. क्लिप बसली की खट असा आवाज येतो आणि हाताला कळतंही. शेवटची क्लिप अडली तर ठोकू नये. कव्हर काढून रिंग बघावी, बहुतेक वेळा ती एखाद्या खोबणीतून निसटलेली असते. बसल्यावर कडेभोवती बोट फिरवून फट सगळीकडे सारखी आहे का ते बघायचं, समोरासमोर धरून एक झटका द्यायचा, आणि कव्हर पिळून बघायचं. पिळल्यावर फिरत असेल तर ते चालत्या गाडीतही फिरणार आणि भोकाची कड व्हॉल्व्हवर येणार. पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा बघावं.

कव्हर जाड असल्याने व्हॉल्व्ह आत राहत असेल तर त्याला लांब, जड एक्स्टेंशन (व्हॉल्व्हची लांबी वाढवणारी जोडनळी) लावू नये. वेगात त्याचं वजन रबरी व्हॉल्व्हला बाहेर खेचतं. जेमतेम हवेची नळी लागेल एवढंच आखूड घ्यावं.

केबल टाय लावावेत का? खड्ड्यांचा रस्ता असेल तर मी लावतो. काळे, उन्हात टिकणारे, ४.८ मिलिमीटर रुंद, ३०० मिलिमीटर लांब, प्रत्येक चाकाला दोन, समोरासमोर. कव्हरच्या फटीतून आणि रिमच्या भोकातून घालून गाठ कव्हरच्या पट्टीमागे लपवायची. आवळताना कव्हर वाकू द्यायचं नाही. उरलेली शेपटी मुळाशी कापायची, आणि चाक हाताने फिरवून टाय ब्रेकच्या भागाला कुठेही लागत नाही ना ते बघायचं. यासाठी मात्र चाक जॅकवर उचलावं लागतं. पुढे पंक्चर झालं की टाय कापावेच लागतील, म्हणून एक कटर आणि चार-सहा जादा टाय जॅकच्या पिशवीत असू द्यावेत.

कमी वेगात चाकातून करकर किंवा टिकटिक येऊ लागली तर लोक थेट बेअरिंगवर जातात. आधी कव्हर काढून तोच रस्ता तेवढ्याच वेगात चालवावा. आवाज गेला तर प्लॅस्टिक लोखंडावर घासत होतं. कड पुसून सिलिकॉन लावलं किंवा कव्हरच्या मागच्या कडेला पातळ फेल्टची पट्टी चिकटवली की तो थांबतो. कव्हरशिवायही आवाज येत असेल तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा बघून मगच मेकॅनिककडे जावं. चिखलाच्या रस्त्यावरून आल्यावर स्टिअरिंग थरथरू लागलं तर कव्हर काढून आत बघावं. एका बाजूला साचलेला चिखल बॅलन्सिंग बिघडवायला पुरतो.

धुण्यासाठी साधा कार शाम्पू आणि मऊ ब्रश पुरतो. ब्रेकची काळी धूळ लोखंडाच्या कणांची असते, ती ओली राहिली की गंजून रंगात रुतते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी कव्हर काढून मागची बाजूही धुवावी. आम्लाचे क्लीनर, थिनर, अ‍ॅसिटोन लांब ठेवावेत. अ‍ॅसिटोनने एबीएस विरघळतं. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या चाकावर गार पाणी मारू नये.

फुटपाथला घासून ओरखडे पडले तर ३२० आणि मग ६०० नंबरच्या ओल्या पेपरने घासून, प्लॅस्टिकचा प्रायमर, रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि वर क्लिअर कोट. दोन हातांत १०-१५ मिनिटं सोडावीत आणि पूर्ण एक दिवस वाळल्याशिवाय बसवू नये. क्लिपा टेपने झाकाव्यात, त्यांच्यावर रंगाचा थर नको. पीपी असेल तर प्रायमरच्या आधी पीपीला रंग धरवणारा खास थर द्यावाच लागतो. तुटलेली क्लिप मी चिकटवत बसत नाही. एक क्लिप गेली की तिचा भार शेजारच्या दोघींवर येतो आणि मग त्याही जातात. तेवढं एक कव्हर बदलून मोकळं व्हावं.

टायरच्या दुकानात कव्हर परत लावताना जवळ उभं राहावं. तिथे ते घाईत, व्हॉल्व्हची जागा न बघता मुठीने मारून बसवलं जातं, आणि त्यानंतरच्या काही दिवसांतच ते पडतं. स्टेपनी लावायची वेळ आली तर तिच्या रिमचा आकडा बघावा. काही गाड्यांत स्टेपनी एक इंच लहान असते, त्यावर हे कव्हर बसणार नाही. काढलेलं कव्हर डिकीत उलटं, क्लिपा वर करून ठेवावं, आणि त्याच्यावर सामान रचू नये.