सात नंबर घेत नाहीये

पुण्यातल्या आमच्या ‘मिस ज्युली’ या स्वीडिश नाटकाच्या मराठी प्रयोगाची प्रकाशयोजना माझ्याकडे होती. पहिल्या रंगीत तालमीला रात्रीसाठी दिव्यांपुढे नेहमीचं निळं जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलं, तर दिग्दर्शिकाबाई खालून ओरडल्या, “काढ ते! तिथे ही रात्र काळी होतच नाही.”

खरंच होत नाही. नाटक घडतं स्वीडनमध्ये, जूनमधल्या मिडसमरच्या सणाच्या रात्री. सूर्य जेमतेम साडेपाच तास मावळतो, आभाळ उजळच राहतं. काउंटची मुलगी ज्युली आणि घरचा नोकर जाँ यांना लपायला अंधारच नाही! हे नाटक मला तिथे कळलं.

नाटककार स्ट्रिंडबर्गनं 1888मध्ये प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय: रंगमंचाच्या पुढच्या कडेचे तळदिवे नकोत, भिंतीवर रंगवलेली भांडी नकोत, अंक पाडायचे नाहीत. आम्ही खरी तांब्याची पातेली टांगली, मध्यंतर ठेवलं नाही. वडा-चहाविना लोक दीड तास बसतील का, ही धाकधूक होती. बसले. खुर्चीसुद्धा वाजली नाही.

शेवटच्या भागात उन्हाची तिरीप खिडकीतून सरकत आत यायला हवी, तसं संहितेतच आहे. जाँ ज्युलीचं पाखरू ओट्यावर ठेवून सुरी उचलतो, तेवढ्यात हेडफोनवर दिवे चालवणारा मुलगा म्हणाला, “दादा, सात नंबर घेत नाहीये.”

सात नंबर म्हणजे खिडकीमागचा हजार वॅटचा स्पॉट. आमचा सूर्य. दिवे मंद-तेज करणाऱ्या डिमरचं ते चॅनलच गेलं होतं.

मी धावत खिडकीमागे गेलो, स्पॉटच्या तोंडावरच्या पत्र्याच्या झडपा मिटल्या, वायर थेट लाइनवर टाकली. मग जाड फडक्यानं एक झडप धरून केसाकेसानं उघडत गेलो. फरशीवर करंगळीएवढी रेघ उमटली. ती रुंदावत काउंटच्या बुटांपाशी पोचली. सबंध नाटकभर काउंट रंगमंचावर येत नाही, दिसतात ते त्याचे बूटच. जाँनं घासून चकचकीत केलेले. डिमरनं ऊन नुसतं उजळलं असतं. हे चालत आलं.

काउंटची घंटा दोनदा वाजली. ज्युली जीव द्यायला वस्तरा घेऊन दारातून बाहेर पडली ती माझ्याच विंगेत. हात थरथरत होता, श्वास लागला होता. बोललो नाही. पडदा पडेपर्यंत ती वस्तरा धरून उभी, मी झडप धरून. फडक्याला जळका वास यायला लागला होता.

पुढच्या प्रयोगाला डिमर दुरुस्त होऊन आला. सात नंबर मी थेट लाइनवरच ठेवला.