बुडालं म्हणून वाचलं: अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात

अथेन्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव आहे '२८ ऑक्टोबर रस्ता'. १९४० साली याच तारखेला ग्रीसने मुसोलिनीची धमकी धुडकावली आणि देश युद्धात उतरला. त्यानंतरच्या हिवाळ्यात या इमारतीत जे घडलं ते मी जाण्याआधी वाचलं होतं. म्हणून आत शिरल्यावर पुतळ्यांच्या आधी माझं लक्ष गेलं ते फरशीकडे. संग्रहालयाच्या लोकांनी दालनांची जमीन उकरून खोल खड्डे खणले होते. एकेक पुतळा यारीने आत उतरवला, वर वाळू भरली आणि जमीन पुन्हा बंद केली. बाकीच्या वस्तू पेट्यांत भरून तळघरात गेल्या आणि मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरीच्या थडग्यांतलं सोनं बँक ऑफ ग्रीसकडे. २७ एप्रिल १९४१ रोजी जर्मन फौजा अथेन्समध्ये आल्या, तेव्हा इथली दालनं रिकामी होती.

मायसीनीचं सोनं समोरच्याच दालनात आहे आणि सगळी गर्दीही तिथेच. हाइनरिख श्लीमनने १८७६ साली खणून काढलेला तो प्रसिद्ध मुखवटा ट्रॉयच्या युद्धातला राजा अगामेम्नॉन याच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात तो इसवी सनपूर्व सोळाव्या शतकातला, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याहून तीनेकशे वर्षं जुना. मला मात्र त्याच थडग्यांतला दुसरा एक पत्रा विसरता येत नाही. तान्ह्या बाळाचं कलेवर झाकण्यासाठी ठोकून बनवलेला, सोन्याचा, पातळ. त्यात चेहरा आहे आणि इवले हातपाय आहेत. सोबत आई होती. "एवढंसं लेकरू गं," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

मी खरी आले होते ब्राँझसाठी. प्राचीन ग्रीसमध्ये ब्राँझचे पुतळे हजारोंनी होते, पण मोठ्या आकाराचे आज अगदी मोजके उरलेत. कारण साधं आहे: ब्राँझ वितळतं. पुढच्या काळात कुणाला नाणी हवी होती, कुणाला हत्यारं, कुणाला भांडी, आणि पुतळे भट्टीत गेले. वाचले त्यातले बरेचसे जहाजाबरोबर समुद्राच्या तळाशी गेले होते म्हणून. त्या काळच्या लोकांच्या लेखी जे गेलंच होतं, तेवढंच आपल्यापर्यंत पोहोचलं. या संग्रहालयात फिरताना हा विचार डोक्यातून जात नाही.

आर्टेमिसिऑनचा देव अशाच एका बुडालेल्या जहाजातला. एव्हिया बेटाच्या उत्तर टोकाजवळ १९२६ साली त्याचा एक हात मिळाला आणि १९२८ मध्ये उरलेलं शरीर. उंची २.०९ मीटर, काळ इसवी सनपूर्व ४६० च्या आसपास. पाय फाकून उभा, डावा हात पुढे ताणलेला, उजवा फेकण्याच्या तयारीत मागे. उजव्या हातातलं शस्त्र हरवलंय, म्हणून वाद आजही चालू आहे: वज्र असेल तर देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर समुद्रदेव पोसायडन. माझं मत झ्यूसकडे झुकतं. त्रिशूळ त्या चेहऱ्याच्या आड आला असता, आणि असा चेहरा कोणता शिल्पकार झाकेल? पोसायडन म्हटल्यावर कोल्हापूर आठवलंच. ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात सापडलेली त्याची वीतभरही नसलेली ब्राँझची मूर्ती मी लहानपणी पाहिली होती. तिच्याही हातात आज त्रिशूळ नाही.

त्याच जहाजातून आलेला दुसरा खजिना म्हणजे घोडा आणि त्यावरचा पोरगा. घोडा पूर्ण वेगात, नाकपुड्या फुललेल्या. पोरगा जेमतेम ८४ सेंटीमीटरचा, अनवाणी, मान किंचित वळवलेली, कपाळावर आठ्या. लगाम गेलेत, पण मुठी तशाच आवळलेल्या आहेत. घोड्याच्या मागच्या मांडीवर विजयदेवता नाइकीचा छाप कोरलाय. घोड्याचे तुकडे वर्षांच्या अंतराने मिळत गेले आणि जोडलेली जोडी लोकांसमोर आली ती १९७२ साली. सगळ्या बाजूंनी फिरून बघा. समोरून नुसता वेग दिसतो, बाजूने त्या मुलाची भीती दिसते.

अँटिकिथेराच्या दालनाला मी सर्वांत जास्त वेळ दिला. १९०० साली सिमी बेटाच्या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ जहाजाचे अवशेष सापडले. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात ते बुडालं होतं. त्यातून निघालेला ब्राँझचा तरुण देखणा आहेच, पण खरं आश्चर्य म्हणजे हिरवट, गंजलेले ८२ तुकडे. १९०२ साली पुरातत्त्वज्ञ वालेरिओस स्ताइस यांचं त्यातल्या एका दातेरी चाकाकडे लक्ष गेलं. पुढे क्ष-किरणांनी आणि २००५ नंतर सीटी स्कॅनने आतली यंत्रणा उलगडली: हाताने फिरवायचं, सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणं दाखवणारं यंत्र. तीस चाकं उरलीत. त्यांतल्या एकाला २२३ दाते आहेत, कारण साधारण तितक्या चांद्रमासांनी ग्रहणांचं चक्र पुन्हा सुरू होतं. एका छोट्या तबकडीवर तर ऑलिंपिकसारख्या खेळांचं वेळापत्रकही आहे! आपल्याकडे पंचांगाचं गणित जपणाऱ्या घरांतली माणसं इथे तासन्‌तास रेंगाळतील.

याच जहाजातले संगमरवरी पुतळे बघायला विसरू नका. जो भाग वाळूत रुतला तो गुळगुळीत राहिला आणि जो पाण्यात उघडा पडला तो समुद्री जिवांनी पोखरून टाकला. एकाच मुलाच्या अंगाची एक बाजू कोवळी, दुसरी खडबडीत.

फ्रासिक्लेइयाला जमिनीनेच सांभाळलं. लग्नाआधी गेलेल्या या मुलीचा पुतळा प्राचीन काळीच कुणीतरी जपून पुरला होता. १९७२ साली तो निघाला तेव्हा वस्त्रावरचे रंग शाबूत होते. लग्नाऐवजी देवांनी मला हे नाव दिलं, मी कायम कुमारीच म्हणवली जाईन, असं तिच्या बैठकीवर कोरलंय. ती बैठक मात्र कित्येक वर्षं जवळच्या चर्चच्या बांधकामात होती. बैठक आणि पुतळा एकमेकांचेच, हे पायाशी सापडलेल्या शिशाच्या कड्याने सिद्ध केलं.

जायचं असेल तर व्हिक्टोरिया मेट्रो स्थानक जवळ पडतं. दुपारनंतर जाऊ नका. अर्ध्या दिवसात हे संग्रहालय उरकत नाही.

अँटिकिथेराला पाणबुडे अजून उतरतात. संग्रहालयात तिथून आलेला ग्रीक पुराणातल्या हेराक्लिस या वीराचा एक मस्तक नसलेला पुतळा आहे. २०२२ साली त्याच तळावर दाढीवाल्या पुरुषाचं संगमरवरी मस्तक मिळालं आणि ते याच पुतळ्याचं असावं, असं संशोधक मानतात.