माझा अनुभव : नदीकाठचं प्लास्टिक तीन सकाळीत गोळा झालं, गावाबाहेर निघायला अडीच महिने लागले

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळतात. १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर ही सुरुवात झाली. उचललेली प्रत्येक वस्तू मोजायची आणि कागदावर लिहायची, हे त्याचं मर्म. आमचं गाव वैनगंगेच्या काठी आहे. समुद्र इथून फार लांब, पण वाट सरळ आहे : चपराळ्याला वर्धा येऊन मिळते, पुढे नदीचं नाव प्राणहिता होतं, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत बंधारे आहेत, झुडपं आहेत, गाळ आहे, त्यामुळे सगळंच तिथवर जात नाही. पण पुरात जे तरंगतं ते पुढेच जातं. म्हणून किनाऱ्याचं काम इथल्या काठावर करायचं ठरलं.

आधी तारखेचं सांगतो, कारण तिथेच बरीच गावं चुकतात. सप्टेंबर हा समुद्रासाठी ठरवलेला महिना आहे. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे त्या दिवसांत काठ पाण्याखाली असतो, आणि तेव्हा लोकांना, त्यातून पोरांना, नदीवर नेणं म्हणजे जीवाशी खेळ. शिवाय तोवर वर्षभराचा कचरा वाहूनही गेलेला असतो. आपली मुदत मृग नक्षत्र, म्हणजे ७ जून. मेच्या पहिल्या पंधरवड्यात बायामाणसं पहाटेपासून तेंदूपत्त्याला जंगलात असतात, तेव्हा कोणी येत नाही. मेचा शेवटचा आठवडा धरा. सकाळी ५.३० ते ८.३०, त्यानंतर वाळू तापते. आम्ही तीन सकाळी केलं.

लोक जमवणं अवघड गेलं नाही. बचत गटाच्या बाया आणि मच्छीमार संस्थेचे ढिवर बांधव, दोघांनी काम ओढून नेलं. चौघांचा एक गट : दोघं उचलणारे, एक पोतं धरणारा, एक खुणा करणारा. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, बाजारात गठ्ठे मोजतात तशी. ढिवर बांधव नसते तर डोहातल्या खडकांना गुंतलेली जुनी तंगूसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, जाळी निघालीच नसती. ती ओढायची नसतात, ओढली की तुटून निम्मी आतच राहतात. डोंग्यातून जाऊन विळ्यानं कापून काढावी लागतात.

आता अडलं कुठे ते.

एकूण २७ पोती भरली. शीतपेयाच्या बाटल्या आणि कडक प्लास्टिक भंगारवाल्यानं चार दिवसांत नेलं. उरली १९ पोती : पातळ पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, कुरकुऱ्याची चकाकती पाकिटं. भंगारवाला त्यांना हात लावत नाही, कारण त्या पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, वेगळे होत नाहीत. ती सिमेंट कारखान्याच्या भट्टीत जळण म्हणून जातात, आणि असे कारखाने चंद्रपूर जिल्ह्यातच आहेत. पण गावानं परस्पर न्यायची नसतात, तालुक्याच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रातून जावी लागतात. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात अशा केंद्रासाठी तालुक्यामागे १६ लाखांपर्यंत निधीची तरतूद होती. म्हणजे मागत होतो ती गोष्ट कागदावर आधीच मंजूर होती, आणि म्हणूनच राग अजून गेलेला नाही.

पोती केंद्रानं उचलून न्यावीत म्हणून पहिला अर्ज ग्रामस्थांच्या सह्यांनी दिला. विषयात ‘सागर व किनारा संरक्षण’ असं लिहिलं होतं. पंधरा दिवसांनी चौकशी केली तर अर्ज ‘सागर’ या शब्दावरून मत्स्यव्यवसायाकडे पाठवलेला. तिथून तो ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून परत यायला आणखी बारा दिवस. समुद्राची गोष्ट लोकांना जरूर सांगा, पोरांना नकाशावर नदी बोटानं दाखवा, पण अर्जाच्या विषयात फक्त एवढंच लिहा : ‘संकलित प्लास्टिक कचरा उचलणेबाबत’.

दुसऱ्या वेळी उत्तर आलं की नदीपात्र ग्रामपंचायतीच्या हद्दीत नाही, ती महसूलची जागा, तहसीलला जा. तहसीलमध्ये सांगितलं, कचरा आमचा विषय नाही. या दोन टेबलांमध्ये जून संपला. यातून सुटका एका वाक्यानं झाली. कचरा कुठून आणला हे अर्जात लिहायचंच नाही, आता कुठे पडला आहे ते लिहायचं. पोती शाळेच्या पडवीत होती, म्हणजे गावठाणात, म्हणजे निर्विवाद ग्रामपंचायतीच्या ताब्यात. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांतला नियम ७ ग्रामपंचायतीवरच जबाबदारी टाकतो : गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं, आणि उघड्यावर जाळू न देणं. त्या नियमाचा आकडा पत्रात घातला.

आणि पत्र ग्रामस्थांचं नको. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर, सरपंचांची सही, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा (पूर्वीचे ग्रामसेवक) शिक्का, जावक क्रमांक. ग्रामस्थांचा अर्ज ‘माहितीस्तव’ फायलीत जातो, ग्रामपंचायतीच्या पत्राला मात्र उत्तर द्यावं लागतं. पत्र गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे, एक प्रत गट समन्वयकांना, एक जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाला. तिन्हीकडे आवक शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. शिक्का नसला की पत्र मिळालंच नाही, असं सरळ सांगतात.

मग गाडीचं भाडं. १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरता येणाऱ्या, निधीतला निम्मा भाग स्वच्छतेसाठीच होता. पैसा होता. पण ग्रामपंचायत विकास आराखड्यात ‘प्लास्टिक वाहतूक’ ही ओळच नव्हती, आणि ओळ नसेल तर खर्च टाकता येत नाही. आराखड्याचं काम हिवाळ्यात चालतं, तेव्हाच ती ओळ घालून घ्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला की मेपर्यंत चार महिने हातात राहतात. आमच्याकडे शेवटी भाडं मच्छीमार संस्थेनं दिलं. त्यांनी ते द्यायला नको होतं.

जुलैच्या मध्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीनच प्रश्न : आमचं अमुक आवक क्रमांकाचं पत्र आज कोणत्या टेबलावर आहे, तिथे कोणत्या तारखेपासून आहे, त्यावर काय शेरा आहे. ‘का’ असा प्रश्न विचारायचा नाही, त्याला उत्तर मिळत नाही. ३० दिवसांची मुदत संपायच्या आत गाडी आली.

गाडी आली आणि १९ पैकी ७ पोती परत टाकून गेली. कारण ओली आणि मातकट. यात तालुक्याच्या केंद्राची चूक नाही. मातीनं कापणी यंत्राची पाती बोथट होतात, ओल्या पन्नीचा गठ्ठा नीट बांधला जात नाही. गोळा करतानाच झटकून, जुन्या जाळ्यावर दोन उन्हं पसरून वाळवलं असतं तर मेच्या उन्हात काहीच कठीण नव्हतं. ऑगस्टमध्ये तेच वर्गातल्या पंख्याखाली करावं लागलं. दुसऱ्या खेपेला सगळं गेलं, वजनाची पावती मिळाली, आणि ती पावती हातात घेतल्यावर बरं वाटलं हे खरं.

पोत्यांबद्दल एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. आम्ही खताचा जुना पांढरा बारदाना वापरला होता. पडवीच्या कडेची, उन्हात आलेली चार पोती उचलायला गेलो तर बोटांत भुगा आला. ते पोतंही प्लास्टिकच्या पट्ट्यांचं विणलेलं असतं, उन्हानं ठिसूळ होतं आणि त्याचे बारीक पांढरे तंतू वाऱ्यावर उडतात. जे नदीपासून वाचवायला निघालो तेच अंगणभर झालं होतं. पोती सावलीतच ठेवा, पंधरा दिवसांच्या वर एका जागी नकोतच. आणि शाळेची पडवी घेणार असाल तर विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, तो हिशेब मुख्याध्यापकांशी आधीच करा.

कीटकनाशकाच्या बाटल्या मोजा, पण इतर पोत्यांत टाकू नका. हातमोजे घालून, झाकण लावून, वेगळ्या पोत्यात. भंगारवाल्याला तर देऊच नका, त्या घरात पाण्याला वापरल्या जातात. शेतकऱ्याला सांगायचं ते एवढं : फवारताना बाटली तीनदा विसळा, ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडा.

मोजणीचा कागद जपून ठेवा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही तो वाचून दाखवला. यादीत सर्वांत वर खर्ऱ्याच्या पन्न्या होत्या. तळहाताएवढा पातळ चौकोन, त्यात सुपारी-तंबाखू घोटतात, खाऊन झालं की तिथेच टाकतात. भिजली की मातीला अशी चिकटते की दोन नखांनी सोलून काढावी लागते. आकडा ऐकल्यावर पहिल्यांदा पानठेल्यांचा विषय निघाला, आणि ठेलेवाले स्वतः बोलले. तोपर्यंत कचरा वरच्या गावांतून वाहून येतो असंच सगळे धरून होते. घाटाजवळच्या तिन्ही ठेल्यांसमोर आता झाकणाचा डबा आहे. त्यातला कचरा दर शनिवारी बचत गटाची बाई वाळवून, तोलून वहीत लिहिते, आणि यंदाच्या आराखड्यात वाहतुकीची ओळ आहे.