तुम्ही विचारलंत म्हणून: बाईकचा तो नवा गेम मी का खेळत नाही

"तू एवढा मोटोक्रॉसचा वेडा, नवा गेम आल्या आल्या घेतलास, मग आता विषय निघाला की तोंड वाकडं का करतोस?" मित्र विचारतात, मावसभाऊ विचारतो, ऑफिसातले एक साहेब मुलाच्या वाढदिवसाला काय घ्यावं म्हणून विचारून गेले. पोरं तर आडवळणाला जातच नाहीत, "काका, घेऊ की नको?" एवढंच. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. गेमचं नाव मात्र घेणार नाही. नाव घेतलं की त्याचे चाहते आणि मी यांच्यात जुंपते आणि मुद्दा राहतो बाजूला. शिवाय या जातीचे गेम अधूनमधून येतच असतात आणि दुखणं बहुतेकदा तेच असतं.

दिसायला गेम देखणा आहे, त्यात वाद नाही. गॉगलवर उडालेला चिखल, उतरतं ऊन, सायलेन्सरमागे थरथरणारी हवा, जर्सीवरचे स्पॉन्सरचे लोगो जिथल्या तिथे. ट्रेलर पाहून तीन-साडेतीन हजार रुपये मी खुशीत मोजले. गोम मातीत आहे.

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या खडबडीत ट्रॅकवरची बाईकची शर्यत, खेळ मुळात मातीचाच. १९२४ साली इंग्लंडमध्ये कॅम्बर्लीच्या माळावर पहिली 'स्क्रॅम्बल' (मोटोक्रॉसचं जुनं नाव) झाली तेव्हा जी होती ती जमीन होती, त्यावरून गाड्या हाकायच्या. पुढे १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये बाहेरून माती आणून टेकाडं रचली आणि सुपरक्रॉसचा जमाना सुरू झाला. आपल्याकडे नाशिक-पुण्यात राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्या होत आल्यात, आणि जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यातच, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. तिथेही आधी डंपर आले, जेसीबी आले आणि मग गाड्या.

अशा ठिकाणी सकाळी लवकर गेलात तर ट्रॅक सारवल्यासारखा गुळगुळीत दिसतो. टँकर पाणी मारून गेलेला असतो. सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या की तासाभरात त्याचा चेहरा बदलतो. वळणाच्या आतल्या बाजूला सगळ्यांची चाकं एकाच रेषेत जाऊन 'रट' पडतो, म्हणजे खोल चाकोरी. बाहेरच्या बाजूला उडालेली माती साचून 'बर्म' तयार होतो, ज्याला टेकून गाडी वेगात फिरवता येते. ब्रेक मारायच्या जागी खड्ड्यांची रांग लागते. दुपारी ऊन तापलं की वरचा थर कोरडा आणि भुरभुरीत, खाली ओल तशीच. सकाळी सात वाजता जी रेषा सगळ्यात वेगवान होती ती चार वाजता गाडी आडवी करते. कुंपणापलीकडे रायडर आपसांत काय बोलतात ते कान देऊन ऐका: "आतून घेऊ नकोस, रट फुटलाय, बाहेरून बर्म पकड." निम्मी शर्यत या वाचनावर ठरते.

आता गेमकडे या. त्यातही रट दिसतात, छान काळसर, कडा उचललेले. मी एकदा शर्यत सोडून दिली आणि गाडी हळूच एका चाकोरीपाशी नेऊन थांबवली. पुढचं चाक आडवं करून चाकोरीत उतरवायचा प्रयत्न केला. चाक उतरलं नाही. सावली बदलली, चाकाचा खालचा भाग मातीत थोडा बुडाल्यासारखा दिसला, पण पुढचे शॉक ॲब्सॉर्बर दबले नाहीत, हॅण्डल हललं नाही, गाडी सपाट रस्त्यावर चालावी तशी पलीकडे गेली. म्हणजे चाकोरी चितारलेली होती, खोदलेली नव्हती. पुढच्या वळणावर मुद्दाम बाहेरच्या बर्मला टेकून पाहिलं. तिथे भिंतीऐवजी उतार लागला आणि गाडी सरळ वर चढून ट्रॅकबाहेर गेली. आणि ट्रॅकबाहेर गेल्या गेल्या पडदा काळा करून गेमने मला उचलून परत मधोमध आणून ठेवलं, एखाद्या हट्टी पोराला कडेवर घेतात तसं.

दुसरं दुखणं हवेतलं. हे जरा नीट सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की गाडी उडाली की रायडरच्या हातात काही उरत नाही. उरतं, आणि फार मजेशीर उरतं. हवेत असताना ॲक्सिलरेटर पिळला की मागचं चाक जोरात फिरायला लागतं, आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून बाकीची गाडी उलट्या दिशेने वळते. म्हणजे नाक वर येतं. उलट, क्लच धरून मागचा ब्रेक दाबला तर फिरतं चाक थांबतं, त्याच्या फिरण्याचा जोर गाडीत उतरतो आणि नाक खाली जातं. उडी चुकतेय असं वाटलं की रायडर पाय आणि मनगट यांच्या एवढ्याशा हालचालीने गाडी सावरतो ती अशी. साडेचारशे सीसीची स्पर्धेची गाडी शंभर-एकशेदहा किलोची, इंजिन पन्नासच्या वर अश्वशक्तीचं. आपल्या रस्त्यावरच्या शंभर सीसीच्या गाडीला जेमतेम आठ असते, म्हणजे विचार करा. असलं धूड सत्तरेक फुटांच्या ट्रिपलवरून, म्हणजे ओळीने रचलेल्या तीन टेकाडांवरून, एका उडीत जातं आणि समोरच्या उतरणीला समांतर टेकतं. टेकताना शॉक जवळजवळ फूटभर दबतात. थोडं कमी पडलं आणि टेकाडाच्या माथ्यावर आदळलं की "केस झाला" म्हणतात, आणि तो आवाज एकदा ऐकला की कंबर आपोआप आखडते.

माझ्या साडेतीन हजारांच्या गेममध्ये हवेत ॲक्सिलरेटर पिळला तर आवाज चढतो. बस. ब्रेक दाबला तर तेही नाही. कंट्रोलरची डावी स्टिक पुढे-मागे केली की गाडी कुठल्याशा अदृश्य दोरीने ओढल्यासारखी झुलते. माथ्यावर आदळा, उतरणीला बरोबर टेका, लांब जाऊन सपाटीवर पडा, तिन्ही वेळा कंट्रोलर तेवढाच गुरगुरतो. कधी मात्र अगदी साध्या उडीनंतर रायडर फेकला जातो, आणि रिप्ले कितीही वेळा पाहिला तरी का पडलो ते कळत नाही. माझा खरा राग इथे आहे.

यावर मित्रांचं ठरलेलं उत्तर असतं: "अरे गेम आहे, मजा कर. तुला खरं पाहिजे तर खरी गाडी घे." हे मला पटत नाही, कारण मला खरं नकोच आहे. नव्वदीत घरोघरी टीव्हीला लावायचे व्हिडिओ गेम आले, त्यांच्या 'शेकडो गेम एकात' लिहिलेल्या कॅसेटमध्ये एक्साइटबाइक असायचाच. निन्टेन्डोने १९८४ साली काढलेला. त्यात खरं काय होतं? चार पट्ट्यांचा ट्रॅक, बाजूने दिसणारी बोटभर गाडी. पण टर्बोचं बटण धरून ठेवलं की खालचं तापमान चढायचं, टोकाला गेलं की गाडी तापून बाजूला उभी, आणि बाकीचे निघून जाताना बघत बसायचं. जमिनीवरच्या बाणावरून गेलात तर इंजिन थंड. उडीनंतर दोन्ही चाकं उताराला जुळवून टेकवलीत तर वेग टिकायचा, नाही जुळवलीत तर आपटलात. एवढेच नियम. पण पडलो तर का पडलो हे शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीलाही कळायचं आणि ती ते मोठ्याने सांगायची.

मग सायबर कॅफेच्या काळात मोटोक्रॉस मॅडनेस आला. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या रेनबो स्टुडिओजने केलेला, मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये बाजारात आणलेला. (रोड रॅशच्या शेजारच्या मशीनवर. अजूनही निम्मे लोक मला विचारतात, "रोड रॅशसारखा आहे का?" नाही हो. लाथा मारता येत नाहीत.) त्यात नकाशाची हद्द कड्यांनी बंद केलेली होती. तो कडा धडपडत चढून पलीकडे गेलात की अदृश्य तोफेतून उडवल्यासारखी गाडी आणि माणूस मैलभर मागे फेकले जायचे. आम्ही शर्यत सोडून तासाचे पैसे त्यावर घालवायचो. हद्द ओलांडायची नाही हा नियम त्यातही होता आणि नव्या गेममध्येही आहे. फरक एवढाच, की एकाने तो सांगताना खेळाडूला हसवलं आणि दुसरा पडदा काळा करतो.

मातीचं म्हणाल तर तेही नवं मागणं नाही. त्याच स्टुडिओच्या एमएक्स व्हर्सेस एटीव्ही मालिकेत २००९ मध्ये रिफ्लेक्स नावाचा भाग आला. डाव्या स्टिकवर हॅण्डल, उजव्या स्टिकवर रायडरचं शरीर, अशी दोन कामं दोन अंगठ्यांना वाटून दिलेली. आणि चाकांखालची माती खरोखर दबायची. पहिल्या फेरीत पाडलेली चाकोरी तिसऱ्या फेरीत तुमच्याच चाकाला ओढायची. हे सगळं प्लेस्टेशन थ्री आणि एक्सबॉक्स ३६० वर, ज्यांच्यात मेमरी होती एकूण ५१२ एमबी. आज हातातल्या साध्या स्मार्टफोनमध्ये त्याच्या कित्येक पट असते. त्यामुळे "यंत्राला झेपत नाही" हे कारण मी ऐकून घेत नाही.

अडचणी आहेत, त्या मान्य करायला हव्यात. सुपरक्रॉसच्या मुख्य शर्यतीत बावीस गाड्या असतात. बावीस जणांनी उकरलेली माती सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी सारखी दिसायला हवी, ऑनलाइन खेळताना तर हे फारच किचकट. खेळाडूंची संख्या क्रिकेट-फुटबॉलच्या गेमपुढे किरकोळ. रिफ्लेक्स काढणारी टीएचक्यू कंपनी २०१२ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि ती मालिका पुढच्या वर्षी दुसऱ्याच कंपनीने विकत घेतली. कमी पैशांत, कमी वेळात काढायचं म्हटलं की ट्रेलरमध्ये दिसेल तिथे खर्च होतो. चिखलाचे शिंतोडे ट्रेलरमध्ये दिसतात, दबणारा शॉक दिसत नाही. हा माझा अंदाज आहे, पण गेम खेळताना प्रत्येक मिनिटाला तो खरा वाटत राहतो. ग्लोव्ह्जचे रंगच इतके आहेत की निवडून संपत नाहीत, त्यातले निम्मे वेगळे पैसे देऊन घ्यायचे. बाकी मेनू, कॉमेंट्री, संगीत यांवर बोलत नाही. ते सगळ्याच गेममध्ये बंद करून ठेवायचं असतं.

"मग तू खेळतोस काय?" हा पुढचा प्रश्न. एमएक्स बाइक्स. पिबोसो नावाच्या छोट्याशा मंडळींचा. दिसायला अगदीच ओबडधोबड, मेनू एखाद्या सरकारी फॉर्मसारखा, आणि सुरुवातीला तुम्ही वळणावर नाही, सरळ रस्त्यावरही पडाल. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा, हवा असेल तर क्लचही हाताने, रायडरचं शरीर स्वतंत्र. माती उकरली जाते. हवेत मागचा ब्रेक दाबला की नाक खाली जातं. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा मी घरात एवढ्याने ओरडलो की आई आतून "काय झालं रे" म्हणत आली. पण हा गेम मी सगळ्यांना घ्या म्हणणार नाही. ज्याला संध्याकाळी तासभर टेकून खेळायचंय त्याचा जीव मेटाकुटीला येईल. अशांसाठी फिनलंडच्या रेडलिंक्सची ट्रायल्स मालिका बरी. तिथे एक्साइटबाइकसारखंच बाजूने बघायचं आणि फक्त तोल सांभाळायचा. अडथळे अशक्य कोटीतले, पण पडल्यावर एका बटणात मागच्या टप्प्यावर, आणि का पडलात ते लख्ख दिसतं.

तरीही ज्यांना तो देखणा नवा गेमच हवाय, त्यांनी पीसीवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घ्यावा. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि एकूण दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर तो परत करून पैसे मिळतात. त्या वेळात गेममधल्या करिअर मोडच्या भानगडीत पडू नका. एखादा सरावाचा ट्रॅक उघडा, एकाच वळणाला लागोपाठ फेऱ्या मारा आणि तिथली माती चाकाला जाणवते का बघा. मग एका टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या टेकाडावरून, उडी घेऊन हवेत मागचा ब्रेक दाबा. नाक हललं नाही तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक मात्र लक्षात ठेवा, ट्युटोरियल आणि हेल्मेट निवडण्यात जाणारा वेळही त्या दोन तासांतच मोजला जातो.