अण्णांना कुणी विचारलंच नाही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या घरात शिरली तेव्हा माळ्यावर चढवायच्या राहिलेल्या दोन वस्तूंपैकी एक अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ट्रंक होती. पाणी ओसरल्यावर कुलूप तोडावं लागलं. आतले कागद एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. मी ते एकेक सोडवले आणि मागच्या खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालतात तसे चिमट्यांनी लटकवले. तीन दिवस त्या कागदांखालून ये-जा करत होते, तेव्हा बऱ्याच वर्षांनी ते सगळे नीट वाचले.

त्यातले दोन कागद सरकारी. पहिला २२ नोव्हेंबर १९६२ चा, इंग्रजीत टाइप केलेला, अर्ध्या पानाचा. भारत संरक्षण नियमांतला ३० वा नियम, त्याखाली अण्णांचं नाव, आणि मजकूर असा की हा इसम देशाच्या संरक्षणाला व सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधक वर्तन करील, त्याला तसं करू न देण्यासाठी स्थानबद्ध करणं जरूर आहे. दुसरा अकरा महिन्यांनंतरचा. त्यात दोनच ओळी : आधीचा आदेश मागे घेण्यात येत आहे. खाली सही.

मी एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होते. हजारो आदेश या बोटांनी टाइप केले. चोरीचे, बांधाच्या भांडणाचे, खुनाचेसुद्धा. प्रत्येकात कुणीतरी काहीतरी केल्याचं म्हणणं असतं, तारीख असते, साक्षीदार असतात, आणि शेवटी 'दोषी' किंवा 'निर्दोष' असा एक शब्द असतो. अण्णांच्या दोन्ही कागदांत असं काहीच नाही. केलं काय ते नाही, म्हणून केलं नाही हेही नाही.

अण्णा हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा हिशेब त्यांच्याकडे असायचा. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार : तोंड अरुंद, आत पोट मोठं, वर मातीनं बंद. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेली हवा माणूस मारते. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस सोडायचा. ही खबरदारी नीट घेतली जाते की नाही, हे बघायला अण्णा स्वतः उभे राहायचे. ते पेढीच्या पगारातलं काम नव्हतं. हमालांचे अर्जही तेच लिहायचे, मजुरीची बाकी तेच मांडून ठेवायचे. आणि हो, ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते. ते लपवायचं मला काही कारण नाही, त्यांनीही कधी लपवलं नाही.

२० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला. २६ तारखेला आणीबाणी आली आणि त्याच दिवशी भारत संरक्षणाचा वटहुकूम निघाला. अण्णांनी ओसरीच्या भिंतीवर शाळेतला असतो तसा भारताचा नकाशा लावला आणि पेपरात येईल तशा त्यावर टाचण्या टोचायला सुरुवात केली. तवांग, वालाँग, बोमदिला. मी नऊ वर्षांची होते, ती नावं मी अशीच शिकले. टाचणी खाली सरकली की अण्णा जेवायला बसायचे आणि उठायचे, ताट तसंच राहायचं. त्यांच्या पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेनं १ नोव्हेंबरलाच चिनी आक्रमणाचा निषेध केला होता. पण त्याआधी गल्लीत कुणाशी तरी बोलताना "सीमेचा तंटा बोलून मिटवावा" असं ते म्हणाले होते, आणि घरात चीनच्या एका रंगीत मासिकाचे जुने अंक होते. गल्लीला तेवढं पुरलं. नकाशाचा अर्थही लोकांनी उलटा लावला. चिनी कुठवर आले ते दिवाणजी रोज मोजतात म्हणे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हा घरोघरी होतं, आमच्याही घरात होतं. "देवराष्ट्र्याचं पोर," अण्णा आईला म्हणाले, "बघ आता." २१ तारखेला चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. आणि २२ तारखेला पहाटे, पाणी यायच्या वेळेला, तिघे जण दारात उभे राहिले. लढाई थांबल्यावर.

त्यातला एक हवालदार ओळखीचा होता. "अण्णा, सायबांनी बोलवलंय, जरा येता का?" म्हणाला. अण्णांनी टोपी घातली. आईनं विचारलं, "नाश्त्याला येतील ना?" त्याला खोटं बोलवेना, तो खाली बघत राहिला. बाकीचे दोघे घर उलटंपालटं करत होते. नकाशा टाचण्यांसकट गुंडाळला. मासिकं घेतली. आणि अण्णांची काळ्या कव्हरची वही घेतली. त्यात 'पे. १४, ह. ६०, बा. ९' अशा ओळी होत्या. ही कसली खूण, असं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, पेव चौदा, हळद साठ पोती, बाकी नऊ रुपये. ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे. वही गेली ती गेलीच.

देशभर असे कितीतरी लोक त्या दोन-तीन दिवसांत उचलले गेले, हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की "डीआयआरखाली घातलाय" असं मोठी माणसं आवाज खाली करून बोलतात. डीआयआर म्हणजे तेच भारत संरक्षण नियम.

शाळेत राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी डबा फिरत होता. मी चार आणे नेले होते. बाईंनी डबा माझ्यापुढून पुढच्या मुलीकडे सरकवला. "तुझं राहू दे," एवढंच म्हणाल्या. मी घरी येऊन सांगितलं. आई काही बोलली नाही. दोन दिवसांनी चौकात निधीची सभा होती. बायका अंगठ्या, बिलवर देत होत्या. आई रांगेत उभी राहिली आणि हातातली पाटली उतरवून दिली. एकच होती, जोडीतली दुसरी माझ्या धाकट्या भावाच्या बाळंतपणात गेलेली. त्या पाटलीची पावती दोरीवर अण्णांच्या आदेशाच्या शेजारीच वाळत होती. डाग पुसायला दिली, असं कुणीतरी म्हणालं. ते आईच्या कानावर आलं. ती म्हणाली, "माझा भाऊ तिकडं बर्फात उभा आहे. त्याला स्वेटर मिळावा म्हणून दिली. यांच्यासाठी द्यायला यांनी केलंय काय?"

मामा खरोखरच फौजेत होता. साताऱ्याकडची माणसं, घरटी एक तरी लष्करात. तो पुढच्या उन्हाळ्यात रजेवर आला आणि आधी आमच्याकडे उतरला. गणवेश न उतरवता तो आमच्या ओट्यावर बसला, पाठ घराकडे आणि तोंड गल्लीकडे करून. संध्याकाळभर. आई चहा देत राहिली आणि तो पीत राहिला. कुणी विचारलं, "पाहुणे कुठून?" की म्हणायचा, "लढाईवरून. दाजी घरी नाहीत, म्हणून त्यांच्या जागी बसलोय." आजही कुणी मला शौर्य म्हणजे काय असं विचारलं, तर माझ्या डोळ्यांपुढे तो ओटा येतो.

पुढे कोर्टात नोकरीला लागल्यावर मी एका वयस्कर वकिलांकडून जुने निकाल वाचायला घेतले. मला फक्त एक जाणून घ्यायचं होतं : अण्णांनी दाद का मागितली नाही? उत्तर सापडलं ते असं. साध्या दिवसांतही विनाचौकशी अटकेचा कायदा होताच, १९५० पासून. पण त्यात निदान अटकेची कारणं लेखी द्यावी लागत आणि सल्लागार मंडळापुढे प्रकरण न्यावं लागे. भारत संरक्षण नियमांत यांतलं एकही बंधन नव्हतं. सरकारनंच धरायचं आणि धरलं ते बरोबर होतं का याचा फेरविचारही सरकारनंच करायचा. शिवाय ३ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपतींचा आदेश निघाला होता, या नियमांखाली धरलेल्या माणसाला स्वातंत्र्याचे मूलभूत हक्क मागायला कोर्टात जाता येणार नाही असा. सर्वोच्च न्यायालयात माखनसिंग खटला चालला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये निकाल लागला : आदेश आहे तोवर हे दार बंद. अटक दुष्ट हेतूनं झाली किंवा कायद्याच्याच अटी मोडल्या असं कुणी दाखवलं, तरच फट. बहुमताचा तो निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला, साताऱ्यात जन्मलेल्या माणसानं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं. माझी पायरी मला ठाऊक आहे, पण दोन्ही मतं दोनदा वाचून मी सुब्बा रावांच्या बाजूची आहे. हेतू दुष्ट होता हे अण्णांनी कसं दाखवायचं? ज्याला कारणच सांगितलेलं नाही, त्यानं ते कारण खोटं आहे हे कुठून सिद्ध करावं?

इंग्रजांच्या काळातही याच नावाचे नियम होते. त्यातला स्थानबद्धतेचा २६ वा नियम केशव तळपदे यांच्या खटल्यात संघीय न्यायालयानं एप्रिल १९४३ मध्ये बेकायदा ठरवला होता. सरकारनं काही दिवसांतच वटहुकूम काढून तो पुन्हा उभा केला, पण ऐन महायुद्धात, परक्या राजवटीतलं कोर्ट 'हे चूक' म्हणू शकलं होतं. अण्णा स्वतः बेचाळीसच्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर गेलेल्या मोर्चात होते. नंतर तारा तोडताना सापडले. तेव्हा त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं, साक्षी झाल्या, सहा महिन्यांची शिक्षा झाली. ती शिक्षा ते अभिमानानं सांगायचे. बासष्टच्या अकरा महिन्यांबद्दल त्यांनी आपणहून एक शब्द काढला नाही.

एकदाच त्यांना त्या विषयावर खुललेलं पाहिलं. कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी असेच डीआयआरखाली आत होते आणि तुरुंगात बसून त्यांनी मराठीत अणूच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवायची परवानगी सरकार देईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, स्थानबद्ध माणसावर नियमात लिहिलेली बंधनंच घालता येतात, मनाला येतील ती नाही. ती बातमी अण्णांनी आईला दोनदा वाचून दाखवली. "अणूवर लिहिलंय गं," म्हणत राहिले, "अणूवर!"

देवळीच्या छावणीबद्दल मी फार उशिरा वाचलं. राजस्थानातली देवळी. आसाम-बंगालमधले सुमारे ३,००० चिनी वंशाचे लोक, बायकामुलांसकट, तिथे नेऊन ठेवले होते, त्यातले काही थेट १९६७ पर्यंत. इथेच जन्मलेले, इथल्याच शाळेत शिकलेले. अण्णांना धरायला निदान त्यांची मतं होती. त्या लोकांचे नुसते चेहरे होते. आणीबाणी उठली ती १० जानेवारी १९६८ ला, युद्ध थांबून पाच वर्षं उलटल्यावर.

त्या वेळची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. टाचण्या खाली सरकताना मी पाहिल्या आहेत. चीनबद्दल आंधळं प्रेम असलेली माणसंही असतील. म्हणूनच १९७८ मध्ये, माझ्या लग्नानंतर माहेरपणाला आले असताना, धीर करून मी अण्णांना विचारलं, "चीन जिंकावा असं तुम्हाला वाटलं होतं का?"

ते सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले. "नाही," म्हणाले. मग बराच वेळ गेला. "पण हे मला तेव्हा कुणी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी वहीचं विचारलं, ते सोडून. अकरा महिन्यांत एकदाही नाही. मी रोज वाट बघायचो, आज बोलावतील, आज विचारतील. काय सांगायचं ते पाठ करून ठेवलं होतं."

ते १९९१ मध्ये गेले. शोकसभेत एक गृहस्थ माझ्या भावाला भल्या मनानंच म्हणाले, "चीनच्या वेळी जरा भानगड झाली होती नाही का, पण माणूस चांगला होता." एकोणतीस वर्षांनंतर. निर्दोष सुटलेल्या माणसाबद्दल असं बोलणाऱ्याच्या तोंडावर निकाल दाखवता येतो. भाऊ काय दाखवणार होता?

ट्रंकेत एक वहीही निघाली, निळ्या कव्हरची. ही दुसरी वही. अण्णा सुटून आले ते दिवाळी होऊन गेल्यावर. आईनं त्यांच्यासाठी कार्तिकात पुन्हा चकल्या घातल्या. पण आठवडाभरातच ते हरिपूरला जाऊन बसले. जुनी वही गेल्यामुळे त्या हंगामाच्या हमालांच्या बाक्या कुणाकडेच नव्हत्या, पेढीवाले हात वर करून मोकळे झाले होते. अण्णांनी एकेका हमालाला समोर बसवून विचारलं, "तुझे किती राहिलेत?" तो सांगेल तो आकडा लिहिला. पुरावा मागितला नाही. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी आपल्या आठवणीशी ताडून पाहिलं. एकानंही जास्तीचा आकडा सांगितला नव्हता. पैसे वसूल व्हायला दोन वर्षं लागली.

वहीची पानं पुरानं फुगली आहेत आणि कडांना अजून हळदीचा पिवळेपणा आहे. शाई पसरली, पण पहिली ओळ वाचता येते : पे. १४, ह. ६०, बा. ९. तिच्यापुढे वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात, 'मिळाले'.