न मागितलेल्या पुस्तकांचे घर

सांगली, आषाढ अखेर

कचेरीतील काम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले आणि गावाकडच्या एसटीला बराच अवकाश होता, म्हणून आजची दुपार वाचनालयाच्या संदर्भ विभागात घालवली. गेली कित्येक वर्षे सांगलीला येण्यातला निम्मा आनंद मला या विभागाने दिला आहे. शहरातील मोठ्या वाचनालयात असे काय मिळते, जे आमच्या तासगाव तालुक्यातील लहान वाचनालयात मिळत नाही, याचा विचार परतताना एसटीत करत होतो. तो विसरण्याआधी येथे लिहून ठेवतो.

आमच्या गावचे वाचनालय ‘ड’ वर्गातील, म्हणजे सरकारी वर्गवारीतल्या सर्वांत लहान गटातले आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे मिळणारे अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांच्या बळावर ते चालते, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, कादंबऱ्या, चरित्रे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके एवढे तेथे नीट मिळते. मात्र जागा आणि पैसा दोन्ही तुटपुंजे असल्यामुळे, ज्याला मागणी आहे तेच तेथे घेतले जाते आणि तसे करणेच योग्य आहे. मोठ्या वाचनालयाचे सुख याच्या पलीकडे सुरू होते. वर्षानुवर्षे कोणी मागितले नाही असे पुस्तकही तेथे आपल्या जागेवर उभे असते. केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड, जुन्या मासिकांचे बांधीव खंड, जनगणनेचे अहवाल, शब्दकोश हे सारे रोज कोणाच्या हाती पडत नाही, तरीही कोणी तरी त्यावरची धूळ झटकत राहते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले तिसरे सूत्र ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे आहे. त्या वाचकाने अमुक वर्षांत यावे अशी अट त्यात घातलेली नाही, आणि हीच गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज असा वाचक मी झालो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, सातारा जिल्ह्यावरचा १८८५ चा खंड मी मागितला. तो आणून देताना विभाग सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, “काका, हा घरी देत नाही हं, इथंच बसून वाचावा लागेल.” मला तेच हवे होते. आमचा तालुका सातारच्या खंडात कसा, असे नव्या मुलांना वाटेल. तासगाव, वाळवा आणि खानापूर हे तालुके त्या काळी सातारा जिल्ह्यात होते, सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते, आणि १९४९ मध्ये झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्याला १९६० मध्ये सांगली जिल्हा हे नाव मिळाले. त्यामुळे आपल्या गावाचा जुना कागदी माग काढायचा तर साताऱ्याच्या दारातून आत शिरावे लागते.

इंग्रजी मजकूर मी सावकाश वाचतो. त्या खंडात आपली गावे रोमन अक्षरांत छापली आहेत आणि प्रत्येक दीर्घ ‘आ’वर एक बारीक तिरपी रेघ दिली आहे. ‘तासगाव’मधल्या ‘ता’वरची ती रेघ पाहून मी थांबलो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी छापखान्यातल्या कोणा खिळे जुळवणाऱ्याने आमच्या गावाच्या उच्चारासाठी तो निराळा खिळा शोधून बसवला असेल. येरळा नदीचे वर्णन, पिकांची माहिती, ज्वारीचे त्यातले स्थान हे सारे वाचताना आज जेथे नजर पोहोचेल तेथवर द्राक्षबागा दिसतात, ती जमीन मनातल्या मनात बागांविना पाहता आली. बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेलो आणि जे वाटले ते वहीत उतरवून घेतले. हाच मजकूर आता मोबाइलवरही वाचता येतो हे खरे. मात्र पुढ्यातला जाडजूड खंड आपल्याला मागचे-पुढचे पान चाळायला लावतो, आणि येरळेच्या शोधात निघालेला माणूस आठवडी बाजारांच्या यादीपाशी रेंगाळतो.

शेजारच्या अभ्यासिकेत राज्यसेवा आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले मान खाली घालून बसली होती. त्यांच्यासाठीही हे घर आहेच.

सांगलीत बसून पुस्तकांविषयी लिहायचे आणि पाण्याविषयी लिहायचे नाही, हे शक्य नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्या महापुराचे पाणी १८६९ पासून चालत आलेल्या सांगली जिल्हा नगर वाचनालयातही शिरले आणि असंख्य ग्रंथ भिजून गेले. भिजलेल्या गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटून वीट होते, साध्या कागदाचे पुस्तक फुगून शिवणीतून सुटते, आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरू लागते. खपाची कादंबरी पुन्हा विकत आणता येते, दातेही पुस्तके पाठवतात, आणि महापुरानंतर लोकांनी ती आपलेपणाने पाठवली. परंतु एखाद्या बंद पडलेल्या मासिकाचा बांधीव खंड कोठून आणायचा? त्याची दुसरी प्रत कोणाकडे आहे, हेच बहुधा कोणाला ठाऊक नसते. म्हणून मला वाटते, वाचनालयाला मदत करताना नव्या पुस्तकांच्या खोक्यांबरोबर उंच फडताळे, वरच्या मजल्यावरची जागा आणि दुर्मिळ ग्रंथांची छायाप्रत यांसाठीही पैसा द्यावा. खाली ठेवलेले जुने खंड पावसाळ्यापूर्वी वर चढवणारे हात मिळाले, तरी ते काम पुष्कळ आहे.

निघताना बाईंना विचारले, की दक्षिण सातारा असतानाच्या काळातले जनगणनेचे पुस्तक मिळेल का. त्यांनी नोंदवही उघडली, दाखलांक, म्हणजे पुस्तकाचा नोंदीचा क्रमांक, एका चिठ्ठीवर लिहिला आणि पुढच्या खेपेला काढून ठेवते म्हणाल्या. १९५१ मध्ये आमच्या गावात किती घरे होती, हे मला त्यातून पाहायचे आहे. थोरल्या चुलत्यांनी बांधलेले घर त्या मोजणीत आले होते की नाही, याचा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.